न पिता झिंगलेला उम्मतअली

आमच्या मरगिलान गावातल्या गल्लीत कुणालाही विचारा, उम्मतअली आचारी कोण, तर आधी त्याच्या पुलावाचं कौतुक करतील आणि मग आवाज खाली आणून सांगतील, "मधे बिचारा बाटलीच्या नादी लागला होता. पण सोडली हो, मर्दासारखी सोडली." ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. त्या माणसाने जन्मात दारूचा थेंब तोंडाला लावलेला नाही. तरी मी गप्प बसते, बसावंच लागतं. तुम्ही लांबची माणसं, तुमच्या कानावर घातलं तर कुणाच्या पोरीचं काही बिघडणार नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

मी हुर्सनोय. उम्मतअली आकाच्या भिंतीला भिंत लागून माझं घर. पोटासाठी इस्पितळात आयाचं काम करते. फरश्या पुसायच्या, भांडी उचलायची, आणि डॉक्टरांचा राग आला की तो ऐकून घ्यायचा, कारण आमच्या खालच्या पायरीवर कुणीच नसतं. आका म्हणजे मोठा भाऊ. सख्खा नव्हे, पण लहानपणी एकाच तुतीच्या झाडावर चढलेलो आम्ही.

आमच्या वेळी शरद ऋतू आला की शाळा बंद आणि सगळी पोरं कापूस वेचायला. तिथेच एकदा कापसाच्या ओळीत उम्मतअली आका आडवा झाला. हातपाय झाडायला लागला, तोंडाला फेस आला. आम्ही पोरं घाबरून लांब पळालो. दुसऱ्या दिवशी त्याची आई घरोघरी सांगत फिरली की पोराला ऊन लागलं. पानं गळायच्या दिवसांत कसलं ऊन लागतंय! पण आम्ही मानलं आणि विसरूनही गेलो.

ते ऊन नव्हतं, फेफरं होतं. आईने त्याला गुपचूप दूरच्या डॉक्टरकडे नेलं, गोळी सुरू झाली, आणि गोळीने काम केलं. फिट यायची थांबली. फक्त गोळी कधी थांबली नाही. रोज सकाळी आणि रोज रात्री, कुणाचं लक्ष नसताना, चहाच्या घोटाबरोबर. लग्न झालं तेव्हा बायकोला, मुकद्दसला, सांगितलं नव्हतं. तिला नंतर कळलं. चार दिवस माहेरी जाऊन रडली आणि परत आली, आणि तिनेही तोंडाला कुलूप घातलं. मी भिंतीपलीकडे राहून मला पत्ता नाही, मग गल्लीला कुठून असणार?

आणि धंदा काय निवडला माणसाने, तर आचाऱ्याचा. माणूस मावेल एवढी कढई, खाली तुतीच्या लाकडांचा जाळ, आत उकळती चरबी. फेफरेकरी माणसाला कढईजवळ कोण उभं करेल? कळलं असतं तर त्याच दिवशी हातातला झारा काढून घेतला असता लोकांनी. म्हणून तो लपवत राहिला. आणि कढईजवळ तो जेवढा शुद्धीवर असे तेवढा आमच्याकडे काझीसुद्धा नसेल. पांढराशुभ्र सदरा, डोक्यावर टोपी सरळ, गाजरं काडीसारखी एकसारखी चिरलेली. तांदूळ ओतल्यावर कुणी मोठ्याने बोललं तरी त्याला खपायचं नाही. लग्नातले बाप्ये जबरदस्तीने पेला पुढे करायचे, तर तो पेला उपडा घालायचा. "अरे मुल्ला, एक घोट," म्हणून चिडवायचे. तो हसायचा आणि झाकणाला कान लावून वाफ ऐकत बसायचा.

त्याला एकच मुलगी, सैयोरा. बालवाडीत शिकवते. बापासारखीच कमी बोलणारी, आणि बोलली की मात्र वाकडं नाही, सरळ. तिची सोयरीक जमली ती बशारतबाईच्या मुलाशी. बशारतबाईचं बाजारात रेशमाचं दुकान, अंगाने भारदस्त, आवाजाने त्याहून भारदस्त. तिला सैयोरा फार आवडली होती. "मला सून नको, ही मुलगीच हवी," असं ती दुकानात गिऱ्हाइकांना सांगायची. लग्न पीच पिकायच्या वेळेला ठरलं होतं.

त्याच वसंतात आकाचे पाय सुजायला लागले. आधी त्याने मनावर घेतलं नाही, आचाऱ्याचे पाय सुजतातच. मग सकाळी उठला की डोळ्यांच्या पापण्याही फुगलेल्या. आमच्याकडे म्हातारेकोतारे मऊ चामड्याचे मोजे घालतात, घरात, मशिदीत, सगळीकडे तेच. त्याने तेच चढवले आणि सूज आत कोंबली. पण एकदा कांदा परतताना काही क्षण त्याला काहीच कळेना. झारा हातात, डोळे उघडे, आणि माणूस जागेवर नाही. फिट परत येतेय की काय या भीतीने त्याची गाळण उडाली. कुणाला न सांगता तो बस धरून दुसऱ्या गावच्या डॉक्टरकडे गेला.

त्या डॉक्टरने रक्त तपासलं, रक्तात औषध किती आहे ते पाहिलं. कमी भरलं. "तुम्ही गोळ्या चुकवताय," म्हणाला. आका म्हणाला, "एकही चुकवली नाही." "मग कमी पडतायत," म्हणून त्याने गोळ्या वाढवल्या. पाय बघायचे तर मोजे काढावे लागले असते. डॉक्टरने काढा म्हटलं नाही आणि यानेही काढले नाहीत. आमच्यात मोठ्या माणसासमोर पाय उघडे करत नाहीत, तेवढी अदब पाळली आणि घात झाला.

त्यानंतर पंधरवड्यात माणूस बदलला. चालताना भिंत धरायला लागला. जीभ जड, शब्द चिकट. बोलताना डोळ्यांची बुबुळं एका बाजूला धावायची. मी एकदा दारात विचारलं, "आका, बरं नाही का?" तर म्हणाला, "झोप नाही झाली." मला काय, मी झोपेवरच समाधान मानलं.

मग गल्लीतल्या दुसऱ्याच एका घरचं लग्न आलं. आमच्याकडे लग्नाचा पुलाव पहाटेचा असतो. उजाडताना मशिदीतून बाप्ये थेट जेवायला येतात, शेकड्याने. आका कढईशी उभा होता आणि पाय लटपटत होते. मीठ एकदा घातलं, विसरला, परत घातलं. तांदूळ वाढायला झारा उचलला तो हातातून निसटून जमिनीवर. जेवणारे पहिला घास घेऊन थांबले. नवऱ्या मुलाचा चुलता उठून आला. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काय आका, आज कोंबडं आरवायच्या आधीच सुरुवात केलीत वाटतं? कुठली होती, आम्हालाही सांगा."

सगळी पंगत हसली. मुल्ला मुल्ला म्हणून ज्याला चिडवायचे तोच असा सापडला म्हटल्यावर काय, जत्राच की. आकाने वर पाहिलं. त्याच्यापाशी खरं उत्तर होतं. गोळी आहे, आजार आहे, एवढं बोलला असता तर हसणाऱ्यांचीच मान खाली गेली असती. त्याने टोपी काढली, हातात धरली आणि म्हणाला, "चूक झाली. माफ करा."

दुपारपर्यंत गावभर झालं.

घरी मुकद्दस त्याच्यावर तुटून पडली. भिंत पातळ आहे आमची, पण त्या दिवशी मी कान लावला नव्हता. नंतर तिनेच सांगितलं. ती म्हणाली, "आजपर्यंत ज्याला हात लावला नाहीस त्याचा शिक्का कपाळावर मारून घेतोस? जाऊन सांग त्यांना, आजारी आहे म्हणून."

"कसला आजार म्हणून विचारतील."

"मग सांग ना कसला ते!"

"मुकद्दस, दारुड्याच्या मुलीला नवरा मिळतो. गल्लीत बघ, किती जणींना मिळाले. फेफरेकऱ्याच्या मुलीला मिळत नाही. रक्तात आहे म्हणतात, पोरांत उतरेल म्हणतात. पीच पिकेपर्यंत मला दारुडा राहू दे."

मला विचाराल तर, असला हिशोब करायची वेळ ज्या गावात बापावर येते त्या गावाच्या तोंडावर थुंकावंसं वाटतं. पण त्याच गावात मीही राहते, आणि त्या आठवड्यात नळावर बायका बोलत होत्या तेव्हा मीही मान हलवत होतेच.

सूज वर चढत गेली. मांड्या, पोट, शेवटी धाप. एक दिवस अंगणात कोसळला आणि इस्पितळात आणला, तो नेमका माझ्याच वॉर्डात. मोजे कापून काढावे लागले. बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि पडून राहायचा.

वॉर्डाची डॉक्टर नफीसा. वयाने लहान, जिभेने कडक, पण कामाला खोटी नाही. तिने लघवी तपासायला पाठवली, रक्त पाठवलं, आणि सांगितलं की किडनीला गळती लागलीय. रक्तात अल्ब्युमिन नावाचं एक प्रथिन असतं, तेच लघवीतून वाहून चाललंय. ते रक्तात असलं की पाणी नसांच्या आत धरून ठेवतं, ते कमी झालं की पाणी बाहेर मांसात झिरपतं. किडनीच्या गोळ्या तिने सुरू केल्या, पण सूज इतकी होती की नुसत्या लघवीच्या औषधाने ओसरेना. "अल्ब्युमिनच्या बाटल्या लागतील," म्हणाली, "आपल्याकडे आत्ता नाहीत, नातेवाइकांनी आणायच्या."

आणल्या कुणी? बशारतबाईने! गल्लीभर आपला व्याही दारुडा म्हणून बोभाटा झालेला, आणि ही बाई ताठ मानेने वॉर्डात शिरली. एका हातात नान आणि बेदाणे बांधलेलं कापड, दुसऱ्या हातात तशाच फुलाफुलांच्या कापडात बाळासारख्या गुंडाळलेल्या बाटल्या. चहाच्या रंगाचं पिवळट पाणी. "व्याही, शरमू नका," म्हणाली, "माझा नवरा काय दूध प्यायचा? पिणारे सगळेच पितात. तुम्ही आधी उभे राहा, मग मी चार शब्द सुनावेन." आकाने भिंतीकडे तोंड फिरवलं. तिला वाटलं दारूची लाज. तिच्या चांगुलपणाचीच त्याला लाज वाटत होती, हे तिला कसं कळणार?

बाटल्या बघून वॉर्डातल्या बायकांच्या तोंडाला पाणी सुटलं. आमच्याकडे सलाईनचं भारी वेड. वसंत आला की धडधाकट माणसंसुद्धा रक्त साफ करायला म्हणून नर्स घरी बोलावून सलाईन लावून घेतात. एक म्हातारी मला कोपऱ्यात ओढून म्हणाली, "हुर्सनोय, ती ताकदीची बाटली ना? उरली तर मला अर्धी लाव गं, गुडघे गेलेत." नफीसाच्या कानावर गेलं. ती म्हणाली, "खाला, हे बदामाचं दूध नाही. ज्याचं कमी झालंय त्यालाच. तुम्हाला लावलं तर हृदयावर भार येईल, मग गुडघे राहिले बाजूला."

सूज ओसरायला लागली. बाटली चढली की मागून लघवीचं इंजेक्शन, आणि पाणी उतरायचं. पाय पायासारखे दिसायला लागले. पण लटपट जाईना, उलट वाढली. बोलणं तर असं की शब्द ओले होऊन बाहेर पडतायत. उलट्या सुरू झाल्या. संडासला जाताना दोनदा पडला. नफीसाचं डोकं फिरलं. तिने मला गाठलं. "कोण आणतंय त्याला?"

"काय आणतंय?"

"वोडका. तू त्याची शेजारीण ना? वॉर्डात तूच सारखी आत-बाहेर करतेस." आणि मला तोंड उघडायला लावून वास घेतला, खिसे चाचपले. एवढ्या वर्षांच्या नोकरीत माझा असा अपमान कुणी केला नव्हता. मी म्हणाले, "डॉक्टर, माझ्या नको, त्याच्या तोंडाचा घ्या वास." ती गेली आणि खरंच घेतला. वास नव्हता. ती बुचकळ्यात पडली.

तेव्हा बशारतबाई आलेली होती, शेजारच्या रिकाम्या खाटेवर दस्तरखान, म्हणजे जेवणाचं कापड, अंथरून बसली होती. मुकद्दस चहा गाळत होती, सैयोरा बापाच्या पाठीला उशी लावत होती. नफीसा खाटेशी उभी राहिली. "आका, मला खरं सांगा. कुठली गोळी घेता का? झोपेची, दुखण्याची, कुठलीही. इथे यायच्या आधी, किंवा आता."

हा प्रश्न एकट्यात विचारायचा होता हो. पण आमच्या वॉर्डात एकटं कोण असतं? आजारी माणसाभोवती माणसं नसली तर आजाऱ्याची इभ्रत जाते. आकाने बशारतबाईकडे पाहिलं. ती नान तोडत होती.

"काही नाही घेत," तो म्हणाला.

"मग दारू?"

त्याने पांघरूण छातीपर्यंत ओढलं. मग म्हणाला, "थोडी."

"इथेसुद्धा?"

"...हो."

नफीसा म्हणाली, "मग मी हात टेकले. उद्या तुम्हाला व्यसनवाल्यांच्या इस्पितळात पाठवते. किडनी अशी, आणि त्यात हे. घरच्यांनो, मनाची तयारी ठेवा." आणि ती वळली.

सैयोरा उशी सोडून सरळ झाली. बापाच्या उशाला एक रुमाल होता, चार गाठींचा. मी रोज झाडताना बघायचे, मला वाटायचं तंबाखू. तिने तो उचलला. आका म्हणाला, "नको बाळा." तेवढं मात्र अगदी स्पष्ट म्हणाला. तिने गाठी सोडल्या आणि गोळ्या नफीसाच्या हातावर ओतल्या.

"माझे ओता पीत नाहीत," ती म्हणाली. बापाला ती ओता म्हणते. "कधीच प्यायले नाहीत. त्यांना फेफरं आहे, माझ्या जन्माच्याही आधीपासून. या गोळ्या ते रोज घेतात, इथेही पांघरुणात तोंड घालून घेतात. दुसऱ्या गावच्या डॉक्टरने रक्तात औषध कमी भरलं म्हणून वाढवून दिल्यात, त्याची चिठ्ठी मी पाहिली. मला लहानपणापासून माहीत आहे, त्यांना वाटतं मला माहीत नाही."

बशारतबाईच्या हातातला नानचा तुकडा तसाच राहिला. मुकद्दसने चहाची किटली खाली ठेवली ती दस्तरखानावर नाही, फरशीवर ठेवली. आकाने पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं. एवढा बाप्या माणूस, आणि पांघरुणाखाली त्याचे खांदे हलत होते. मी पोछा हातात घेऊन उभी, आणि कुठे बघावं ते कळेना.

नफीसा मात्र गोळ्या ओळखून मटकन खाटेवर बसली. "आका, पांघरूण काढा," ती हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही पुलाव करता ना? कढईत चरबी घातलीत आणि तांदूळ पुरेसा असला तर काय होतं?"

आतून आवाज आला, "तांदूळ पिऊन घेतो."

"आणि तांदूळ निम्मा असला तर?"

"चरबी मोकळी सुटते. खाणाऱ्याला बाधते."

"तेच झालंय. हे औषध रक्तात अल्ब्युमिनला चिकटून फिरतं. चिकटलेलं गप्प असतं, मोकळं असतं तेच डोक्यात जाऊन काम करतं. तुमचं अल्ब्युमिन किडनीतून वाहून गेलं, म्हणजे तांदूळच कमी झाला. त्या डॉक्टरने रक्तातलं सगळं औषध एकत्र मोजलं, धरलेलं आणि मोकळं. धरणारंच नाही म्हणून बेरीज कमी आली. मोकळं होतं ते पुरेसं होतं. त्याने वरून आणखी चरबी ओतली. ती सगळी मोकळी तुमच्या डोक्यात गेली. म्हणून पाय लटपटतात, म्हणून जीभ अडखळते. तुम्ही झिंगलात ते औषधाने."

"मग या बाटल्या?" मुकद्दसने विचारलं.

"बाटल्यांनी पाणी उतरवलं. पण ते अल्ब्युमिनही त्याच भोकातून गळून जातंय. किडनी सुधारेपर्यंत औषध बेताने द्यावं लागेल. एकदम बंद केलं तर फिट येईल, हळूहळू उतरवू. अजून थोडे दिवस गेले असते तर मी तुम्हाला दारुडा म्हणूनच पाठवलं असतं, आणि तुम्ही तिथे मेला असता." मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "हुर्सनोय ओपा, माफ करा." ओपा म्हणजे थोरली बहीण. मी म्हटलं, असू दे. नव्हतं असू दे, पण म्हटलं. सैयोराकडे बघून तिने हेही सांगितलं की फेफरं बापाला असलं म्हणजे मुलीला असतंच असं नाही, ही मुलगी ठणठणीत आहे. ते तिने बशारतबाईसाठी सांगितलं हे सगळ्यांना कळलं. बशारतबाईने ऐकलं, नान घडी घालून कापडात बांधला, सैयोराच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेली.

दोन दिवसांनी ती परत आली. वॉर्डात नाही, मागच्या दाराशी, जिथे मी बादल्या धुते. मुकद्दसला तिथे बोलावून घेतलं. रडत होती, बाजारातली ती वाघीण. "बहिणी, मी नाही करू शकत. माझ्या सासरचं सगळं खानदान अंगावर येईल, नातवंडाला साधा ताप आला तरी सगळे तुझ्या मुलीकडे बोट दाखवतील. मला तेवढी हिंमत नाही. पण ऐक. मी सगळीकडे सांगणार, बाप पितो म्हणून मोडली. दुसरं एक अक्षर माझ्या तोंडून निघणार नाही. तुझ्या पोरीला दुसरं स्थळ मिळेल." बाटल्यांच्या पैशांचं नावसुद्धा तिने काढलं नाही. आणि शब्द पाळला, तो आजतागायत.

मी तिला बादलीतलं पाणी फेकून मारणार होते, आणि तिचे हातही धरणार होते. दोन्हीतलं काहीच केलं नाही.

गोळ्या उतरल्या तसा आका सुधारला. आधी डोळे स्थिर झाले, मग जीभ, मग पाय. किडनीच्या गोळ्यांनी गळती हळूहळू कमी केली. पीच पिकून संपले तोवर तो गल्लीतून सरळ चालायला लागला, भिंतीला हात न लावता. आणि खरी शिक्षा तिथून सुरू झाली. चायखान्यात शिरला की माणसं उठून खांद्यावर थाप मारायची. "शाब्बास आका, सोडलीत! इच्छाशक्ती पाहिजे!" इमामसाहेबांनी एकदा नाव न घेता त्याचा दाखला दिला, तोबा करणाऱ्याला अल्ला कसा माफ करतो म्हणून. तो मान खाली घालून ऐकायचा. लोकांना वाटायचं विनय आहे. एकदा मला म्हणाला, "हुर्सनोय, मला झिंगताना एवढी शरम वाटली नव्हती. सरळ चालतो ना, तर प्रत्येक पावलाला वाटते. हे पाऊल पोरीच्या लग्नाचं मोल देऊन टाकतोय."

"तिने जीव वाचवला तुझा," मी म्हणाले.

"हो. आणि मी तिथे पडून दारू पितो म्हणून सांगत होतो. तिच्यासाठी म्हणे. मरून तिचं काय भलं करणार होतो?"

सैयोरा एका शब्दाने बोलली नाही कधी. बालवाडीत जायची, यायची, बापाला गोळी आता उघडपणे द्यायची, पाण्याबरोबर. तो घेताना तिच्याकडे बघायचा नाही.

पुढच्या वर्षी कोकंदहून स्थळ आलं. मुलगा चांगला, रेल्वेत कामाला. त्याची मावशी आणि आणखी दोघी बायका बघायला आल्या. मुकद्दसने मला मदतीला बोलावलं होतं. मावशी अनुभवी होती, तोंड गोड आणि डोळे सगळीकडे. मुलगी आवडली, घर आवडलं, फराळाचा तळलेला सांझा आवडला. मग तिने दस्तरखानावरचा अख्खा नान उचलून आकाच्या पुढे ठेवला.

"आका, रागावू नका. पोरीची बाजू लख्ख आहे. तुमच्याबद्दल मात्र कानावर आलंय. झालं ते झालं. पण भाकरीवर हात ठेवून सांगा की परत शिवणार नाही."

भाकरीवरची शपथ आमच्यात कुराणाखालोखाल. आकाने हात ठेवला. "मी दारूला शिवणार नाही," तो म्हणाला. "ही भाकरी साक्ष आहे." शब्दन् शब्द खरा. मुकद्दस रुमाल डोळ्यांना लावून बसली.

मावशी खूश झाली. "अल्ला बरकत देवो. आता एक रीत म्हणून विचारते, सगळ्यांनाच विचारते. घराण्यात दुसरं काही नाही ना? क्षय, वेड, फेफरं, असलं काही?"

त्याचा हात अजून भाकरीवर होता. सैयोरा दारात उभी होती, चहाचं तबक घेऊन. मी तिच्या मागेच होते. मुकद्दसने तोंड उघडलं, पण प्रश्न बापाला होता.

उम्मतअली आकाने हात उचलला. भाकरीवरून काढून मांडीवर घेतला, दुसऱ्या हाताखाली. मग म्हणाला, "नाही."

कोकंदच्या बायकांच्या काहीच ध्यानात आलं नाही. सैयोराच्या आलं. ती क्षणभर दारात थांबली, मला वाटलं आता बोलेल. ती आत गेली, तबक ठेवलं, पाहुण्यांना चहा दिला, मग बापाला दिला. तो कप त्याने हातात घेतला आणि तसाच धरून बसला.

लग्न ठरलं. पाहुण्या गेल्यावर तो अंगणात ओट्यावर एकटा बसला होता. मी भांडी विसळत होते. त्याच्याकडे बघवेना म्हणून मीच म्हणाले, "आका, मनाला लावून घेऊ नकोस. दुसरं काय करणार होतास? तुझ्या जागी कुणीही हेच बोललं असतं."

तो आत बघत होता. आत सैयोरा दस्तरखान झटकत होती.

"वॉर्डात ती हे बोलली नव्हती," तो म्हणाला.